साडेपाचचं ताट

"जेवलासा काय, बाई?"

सांगलीत आम्ही ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, त्या घराचे मालक आण्णा मगदूम यांनी हा प्रश्न मला बारा वर्षं संध्याकाळी साडेपाच वाजता विचारला. मी शाळेतून दमून येत असायची. एका हातात वह्यांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात मेथीची जुडी, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पाय, आणि खालच्या दारातून हा आवाज. साडेपाचला कोण जेवतं? पण 'नाही' म्हणायची सोय नव्हती. 'नाही' म्हटलं की सूर्य, पोटातला अग्नी, दिव्यावर येणारे किडे आणि नव्वदीपर्यंत शाबूत राहिलेले त्यांच्या आजोबांचे दात, एवढ्या विषयांवर ऐकून घ्यावं लागे. म्हणून मी 'हो, हो' म्हणत वर पळायची. धडधडीत खोटं. त्यांनाही ते ठाऊक होतं, कारण आमच्या कुकरच्या शिट्ट्या रात्री आठला त्यांच्या डोक्यावरच वाजायच्या.

आण्णा जैन. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकलेलं असायचं. एकदा अंधार पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, जाऊन देवदर्शन होईपर्यंत तोंडात काही जायचं नाही. "उजेड हाय तवर ताट हाय," असं म्हणायचे. त्यात कसली सूट नाही. एकदा मुलाला बेळगावात भेटून येताना एसटी बिघडली आणि ते अंधार पडल्यावर घरी पोचले. आमच्या सुहासनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, केळी तरी खा म्हणून आग्रह केला, तर म्हणाले, "साहेब, सत्तर वरसं जवळ आली, आता एका केळ्यासाठी मोडू काय?" आणि झोपायला गेले.

त्यांचं पेठेत भांड्यांचं दुकान होतं. आक्का, म्हणजे त्यांची बायको, गेल्यावर त्यांनी ते बंद केलं. पण दुकान बंद झालं म्हणून दुकानदार काही बंद झाला नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी ताट उचलायचे, काठावर टिचकी मारायचे आणि डोळे बारीक करून आवाज ऐकायचे. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा माझ्या लग्नातलं ताट असंच वाजवून म्हणाले, "पातळ पत्रा. कुनी दिलंय?"

"माझ्या मामांनी."

"लांबचा मामा दिसतोय."

सख्खा मामा होता. पहिल्याच दिवशी घर बदलावं असं माझ्या मनात आलं होतं. पण भाडं परवडणारं, पाणी चोवीस तास, आणि सुहासला इस्लामपूरकडच्या साखर कारखान्यात जायला गाडी कोपऱ्यावरच मिळायची. राहिलो.

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी आम्हांला मूल नव्हतं. दवाखाने झाले, माझ्या आईचे नवस झाले, आणि मग आम्ही दत्तक घ्यायचं ठरवून नाव नोंदवलं. तीन वर्षं वाट पाहिली. फोन आला तो नेमका मी जिन्यात असताना. साताऱ्याकडच्या एका संस्थेत सव्वादोन वर्षांची मुलगी होती. मी पायरीवरच बसले. हातातली मेथी खाली गेली. आण्णांनी ती उचलली आणि माझ्याकडे बघून नेहमीचा प्रश्न विसरले. "वाईट बातमी काय?"

"नाही आण्णा. मुलगी मिळाली आम्हांला."

"कवा येनार?" त्यांनी विचारलं.

"महिनाभरात. कागदपत्रं झाली की."

"म्हंजे लय काम हाय," असं म्हणून ते मेथी घेऊनच आत गेले. ती मला नंतर मागून आणावी लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी दार वाजलं. पांढरा लेंगा, बंडी, टोपी, आणि हातात सुताराचा टेप घेऊन आण्णा उभे. आत आले, टोपी काढून खुंटीला अडकवली आणि सरळ गुडघ्यांवर बसले. मला वाटलं चक्कर आली. पण नाही, अडुसष्ट वर्षांचा तो माणूस माझ्या घरभर गुडघ्यांवर चालत फिरायला लागला. सोफ्याखाली डोकावला, ओट्याखाली डोकावला, मिक्सरची लोंबती वायर ओढून बघितली.

"आण्णा, उठा हो. मी सगळं बघितलंय."

"आवं बाई, तुमी वरनं बघितलंय. तिला हितनं दिसनार हाय."

आणि मग एकेक सापडत गेलं. ओट्याखाली फिनेलची बाटली होती. पलंगाच्या पायाला खिळा निघालेला होता. मोरीच्या उंबऱ्याची फरशी एका कोपऱ्याला फुटून धार आली होती. नाव नोंदवल्यापासून मी मोबाइलवर लहान मुलांच्या घराबद्दल वाचत होते, कोपऱ्यांना रबर लावलं होतं, भिंतीवर जिराफ काढून घेतला होता, आणि ह्यातलं एक मला दिसलं नव्हतं. आण्णांचं म्हणणं बरोबर असायचं, हीच तर खरी अडचण होती. चुकीच्या माणसाला गप्प करता येतं.

पुढचा महिना घर माझं, मूल माझं आणि हुकूम त्यांचा, असा गेला. मी कठडे असलेला छान पलंग आणला. शाळेतून आले तर त्याचे चारी पाय वीतभर कापलेले. सुतार बोलावून आण्णांनीच कापून घेतले होते. "पडली तर उंचावरनं कशाला पडायची?" जिन्याच्या वरच्या टोकाला लाकडी फाटक बसवलं, तेही मला न विचारता, आणि त्याची कडी अशी घट्ट की आठवडाभर मीच आत अडकत होते. रात्री सुहासपुढं मी आदळआपट करायची. तो हसायचा. "असू दे गं, त्यांना हौस आहे." हौस मलाही होती. अकरा वर्षांची साठलेली हौस होती, आणि ती माझ्या हातून कुणीतरी काढून घेतंय असं मला वाटायचं.

मग ताटाचं प्रकरण झालं. मी गुलाबी प्लॅस्टिकची, सशाचं चित्र असलेली, कप्प्याकप्प्यांची थाळी आणली होती. आण्णांनी तिला टिचकी मारली. काहीच आवाज आला नाही. "मुकी हाय ही," म्हणाले आणि खाली गेले. दोन दिवसांनी स्टीलचं छोटं, जाड काठाचं ताट घेऊन आले. दुकान बंद केलं तरी नाव घालायचं मशीन त्यांनी ठेवून घेतलं होतं. ताटाच्या काठावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कु. मंगल'.

मंगल हे संस्थेनं ठेवलेलं नाव. मंगळवारी आली म्हणून मंगल. आम्ही अन्वी ठरवलं होतं, पत्रिकासुद्धा छापायला दिल्या होत्या. माझा तोल गेला.

"आण्णा, नाव ठेवायचा हक्क तरी आमच्याकडे राहू द्या! तिचं नाव अन्वी आहे."

"तिला म्हाईत हाय काय?"

"शिकेल हळूहळू."

"शिकंल की. पन दोन वरसांचं मानूस हाय ते, बाई. नाव घिऊन यायलंय. घर नवं, मानसं नवी, अंथरूण नवं. एक तरी जुनं राहू द्या."

मी ते ताट फळीवर मागं सारून ठेवलं आणि सशाची थाळी पुढं. आणायला जायच्या आदल्या दिवशी आण्णांनी एक चिठ्ठी दिली. "संस्थेत हे विचारून घ्या. इसरू नगा." मी न वाचताच पर्समध्ये टाकली. माझी स्वतःची यादी होती की, दोन पानी. लशी, वजन, रक्तगट, ॲलर्जी, झोपेचे तास. सगळं विचारलं. आण्णांची चिठ्ठी उघडायची मला आठवण झाली नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

अन्वी आली. मेढ्याहून माझी आई आली होती, नणंद आली होती, शेजारच्या चारपाच जणी. दारात भाकरतुकडा ओवाळला, औक्षण केलं, जो तो गालाला हात लावत होता. पोर एक शब्द बोलली नाही. रडलीही नाही. ज्या कडेवर द्यावी त्या कडेवर बसायची, खाली ठेवलं की ठेवल्या जागी उभी राहायची. मी किती वेळा हाक मारली, 'अन्वी, अन्वी'. तिनं वळून बघितलं नाही. आण्णांचं दार मात्र बंद होतं. ज्या माणसानं महिनाभर माझा जीव खाल्ला, तो आलाच नाही बघायला. साडेपाचचा प्रश्नही त्या दिवसापासून बंद. नंतर म्हणाले, "पोरगी दचकंल म्हनून गप ऱ्हायलो." तेव्हा मला ते तुसडेपण वाटलं.

आणि पोरगी जेवेना. माझं ठरलं होतं की सुहास आला की साडेआठला तिघांनी एकत्र जेवायचं. किती वर्षं मी ते चित्र मनात रंगवलं होतं. मऊ भात, वर तूप, सशाच्या थाळीत. ती तोंड घट्ट मिटून बसायची. चमचा जवळ नेला की मान फिरवायची, आणि तशीच डोळे मिटून झोपून जायची. सकाळी थोडं दूध प्यायची, दुपारी दोन घास वरणभात, की संपलं. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. आई म्हणाली, दृष्ट काढ. तीही काढली. चार दिवसांत तिचा चेहरा उतरला. संस्थेच्या ताई महिनाभरानं घरी येऊन बघणार होत्या, आणि मला एकच भीती होती. हिला मी नको असले तर? ही माझ्या हातचं जेवणारच नसेल तर मी हिची आई कशी होणार?

पाचव्या दिवशी पाहुणे गेले, घर शांत झालं. मार्चचा उकाडा, म्हणून खाली आण्णांनी दार उघडं टाकलं होतं. साडेपाच वाजता त्यांनी शहाबादी फरशीवर आपलं ताट ठेवलं. ठण्ण. जड स्टीलचा, मोकळा आवाज.

पोरगी जिराफाच्या भिंतीशी बसली होती. ती उठली. भराभरा चालत गेली आणि जिन्याचं फाटक दोन्ही हातांनी हलवायला लागली. मी कडी काढली. एकेक पायरी बसत बसत ती खाली उतरली, मी मागोमाग. आण्णांच्या समोर जाऊन तिनं मांडी घातली, हात मांडीवर ठेवले आणि ताटाकडं बघत बसली.

आण्णांनी तिच्याकडं बघितलं. "मंगल," म्हणाले.

तिनं मान वर केली.

जोंधळ्याची भाकरी, मुगाची आमटी, दही. आण्णा कुस्करून द्यायचे, ती खायची. एक चतकोर संपली, दुसरी संपली. मी दाराला धरून उभी होते आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. आण्णा मला म्हणाले, "चिठ्ठीत पयलाच प्रश्न व्हता की, बाई. संध्याकाळी किती वाजता जेवती? विचारलासा न्हाई?"

वर जाऊन पर्स उघडली. होता. पहिलाच. दुसरा, कशात जेवते. तिसरा, जेवणाच्या वेळी घंटा वाजते का. मी संस्थेत फोन केला. मुलांचं जेवण साडेपाचला, स्टीलच्या ताटात, बाई वाटीनं ताट वाजवून बोलावतात. सगळ्या मुलांना सातला झोपवतात. मी माझ्या लेकीला झोपेतून ओढून जेवायला बसवत होते.

"तुम्हांला कसं कळलं?" मी विचारलं.

"आय गेली तवा मी सात वरसांचा. बानं बोर्डिंगात ठेवलं. घंटा झाली की ताट, एवढंच एक आपलं वाटायचं तितं," आण्णा म्हणाले आणि ताट उचलून मोरीकडं गेले.

एवढ्यावर सगळं गोड व्हायला हवं होतं. झालं नाही. मंगल रोज साडेपाचला खाली जेवायला लागली, आणि फक्त खालीच. आता मीही तिला मंगलच म्हणत होते, तेवढी शरणागती पत्करली होती. मी जेवणाची वेळ बदलली, ते नावाचं ताट फळीवरून काढलं, वाटीनं वाजवलं. ती आली, ताट उचललं, छातीशी धरलं आणि ते घेऊन खाली आण्णांकडं गेली. सुहासला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पंधरा दिवस असे गेले. न्हाऊ मी घालायची, झोपवायची मी, आणि हाक मात्र 'आन्ना'. तिचा पहिला शब्द तोच. मला आण्णांचा राग यायचा आणि राग येतो म्हणून स्वतःची लाज वाटायची. एका संध्याकाळी ती गच्चीवर पळताना पडली, गुडघा सोलला. मी हात पसरून धावले. ती उठली, माझ्या हातांच्या बाजूनं निघाली आणि रडत रडत जिना उतरून आण्णांच्या मांडीत शिरली. मी खाली पोचले तेव्हा आण्णा तिचं डोकं थोपटत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिला उचलून माझ्याकडं दिली. ती किंचाळायला लागली. आण्णा आत गेले.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्यांचं दार बंद होतं. आतून कडी.

मंगल ताट घेऊन दाराशी बसली. हातानं दार थापटलं, 'आन्ना, आन्ना' करून हाका मारल्या. दार उघडलं नाही. मी वर चल म्हटलं, ती येईना. तिथंच घास भरवायला गेले, तोंड उघडेना. दिवे लागले तेव्हा ती पायरीवरच पेंगली. मी तिला उपाशी उचलून नेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माझा संताप अनावर झाला. आत माणूस होता, पंखा फिरत होता, आणि बाहेर दोन वर्षांचं पोर दार वाजवत होतं. मी मुठीनं दार ठोकलं आणि मनात होतं नव्हतं ते सगळं बोलले.

"आण्णा, हौस होती तोवर मांडीवर घेतलीत आणि कंटाळा आला की कडी लावली होय? ताटाची सवय तुम्हीच लावलीत ना तिला? ही बाहेर उपाशी बसली आहे आणि तुम्ही आत बसून जेवताय. गोड तरी कसं लागतं तुम्हांला जेवण?"

आतून आवाज आला, "लागतंय की. जावा वर."

माझं डोकं सणकलं. ह्या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं ठरवलं. मंगलजवळ पायरीवर बसले आणि मलाच रडू फुटलं. ती रडायची थांबून माझ्याकडं बघायला लागली. पण जेवली नाही.

चौथ्या दिवशी मी ताट घेऊन आधीच पायरीवर जाऊन बसले. भाकरी दुधात कुस्करली. बोलावलं नाही, भरवलं नाही. मीच एक घास खाल्ला, कारण मलाही चार दिवस अन्न गेलं नव्हतं. मंगलनं एकदा बंद दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग दोन पायऱ्या चढून आली, माझ्या शेजारी टेकली आणि तोंड उघडलं. पहिला घास. दुसरा. किती वेळ लागला कुणास ठाऊक, आम्ही उठलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. शेवटी तिनं माझ्या ओढणीला तोंड पुसलं आणि तिथंच माझ्या मांडीवर डोकं टाकलं. मी हलले नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाही.

पाचव्या दिवशी साडेपाचला खालचं दार उघडं, आणि आवाज जसाच्या तसा. "जेवलासा काय, बाई?" जणू मधे काही झालंच नव्हतं! मी उत्तर न देता वर गेले. महिनाभर बोलले नाही. संस्थेच्या ताई आल्या, मंगल माझ्या पदराआडून त्यांच्याकडं बघत होती, त्या समाधानानं गेल्या. मग मी आण्णांशी बोलायला लागले, कारण मंगल त्यांच्याशी बोलायची आणि एका जिन्यावर अबोला किती दिवस चालणार? पण मनात अढी राहिली. कुणी आण्णांचं कौतुक केलं की मी म्हणायची, माणूस चांगला आहे, फक्त लहरी आहे.

पुढं चार वर्षं ते तसेच होते. मंगलच्या शाळेच्या दप्तराचं वजन केलं आणि शाळेत जाऊन बाईंना ऐकवून आले. ती बाई माझी मैत्रीण, मला कोण संकोच. मंगलच्या वाढदिवसाला केक कापायचा तर उजेडी, म्हणून आमच्याकडचे वाढदिवस दुपारी चारला होतात. तिला त्यांनी ताटं वाजवून ओळखायला शिकवलं. मेढ्याला माझ्या मामांच्या घरी जेवायला बसल्यावर ही सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, पातळ पत्रा." मामांनी माझ्याकडं जे बघितलं ते मी विसरणार नाही.

गेल्या हिवाळ्यात आण्णा गेले. चार दिवस अंगात ताप होता, पाचव्या दिवशी दुपारी पडल्या पडल्या गेले. बेळगावहून मुलगा आला. सगळं आटोपल्यावर तो म्हणाला, "वहिनी, भांडी लय हायत, तुमाला काय हवं ते घ्या." शालनताई, त्यांची आणि आमची दोन्ही घरची धुणंभांडी करणारी बाई, फळीवरची भांडी उतरवून देत होती. मी आण्णांचं ते जड ताट मागितलं.

शालनताईंनी ते हातात धरलं आणि पदर तोंडाला लावला. "ह्या ताटाला चार दिस पानी लागलं न्हवतं, ताई."

"आजारपणात? तापात कुठलं जेवण."

"आजारपणात न्हवं वं. मंगल नवी आली तवा. ते दार लावून बसायचे ते चार दिस. मी सकाळी आलं की आदल्या संध्याकाळची भांडी घासायची. तर ताट कोरडं, वाटी कोरडी, भाकरी टोपलीत तशीच. म्हटलं, आण्णा, जेवला न्हाईसा? तर म्हनाले, ती पोरगी दाराभाईर उपाशी बसलीया, मला घास उतरल काय? आन् ती वर जाईतवर अंधार पडायचा. अंधार पडल्यावर ते कुठलं जेवतात? मी म्हटलं, मग दार उघडा की. तर म्हनाले, उघडलं तर जेवंल गं ती. पन मग तिला आय कवा मिळंल?"

मी ताट त्यांच्या हातातून घेतलं.

"मला का नाही सांगितलं तुम्ही?"

"आन घातली व्हती. वर सांगितलंस तर उद्यापास्नं यायचं न्हाई म्हनाले."

आयुष्यात एका केळ्यासाठी नेम न मोडणारा माणूस. खोटं बोलल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. आणि दाराच्या आत, कोरड्या ताटापुढं बसून तो मला म्हणाला होता, लागतंय की. सांगायला काय झालं होतं, आण्णा? चार वर्षं होती की तुमच्याकडं. एकदा तरी बोलायचं होतं. मी पाया पडले असते, माफी मागितली असती. पण हा रागही आता माझ्याजवळच राहणार, कारण खालचं दार बंद आहे.

त्या दिवशी साडेपाचला मंगलनं वाटीनं ताट वाजवलं. ती माझ्याशिवाय जेवत नाही. मी आण्णांचं ताट घासून पुसून माझ्यापुढं घेतलं. ताटाला हात लावावासा वाटत नव्हता, पण ती समोर बसली होती, म्हणून जेवले. जेवता जेवता तो जिना डोळ्यांपुढून हलेना. इतकी वर्षं त्या पायऱ्यांवर मला रोज कुणीतरी विचारत होतं, जेवलासा काय, आणि मी वैतागून 'हो, हो' म्हणत सुटत होते. 'आणि तुम्ही, आण्णा?' एवढंच उलट विचारायचं होतं. बारा वर्षांत ते माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नाही.